बसच्या काचेमागचा कॅमेरा : डॅशकॅम घ्यायचा असेल तर

सोलापूरच्या सिटी बसवर ड्रायव्हर म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर मुलानं मिनीबस घेतली, ती आता मी चालवतो. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून बायकांना घ्यायचं, अक्कलकोट रोडनं शांती चौक, अशोक चौक, कन्ना चौक करत शहरातल्या गारमेंट कारखान्यांवर सोडायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं. शाळांचे युनिफॉर्म शिवणाऱ्या या बायका. वसाहतीतल्या बऱ्याच जणींच्या सासवा विड्या वळायच्या. याच गाडीला मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर डॅशकॅम, म्हणजे काचेमागून रस्त्याचं सतत चित्रण करणारा छोटा कॅमेरा, बसवला. एक अख्खा उन्हाळा, एक पावसाळा आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी त्यानं काढली आहे, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

कंपनीचं नाव देत नाही. आतला माल तोच आणि वर वेगवेगळी नावं, असे डॅशकॅम बाजारात भरपूर आहेत. नावापेक्षा खोक्यावर काय लिहिलं आहे ते वाचा. माझा दोन कॅमेऱ्यांचा आहे, एक पुढच्या काचेवर आणि एक मागच्या. पुढचा १४४०पी, मागचा १०८०पी (आकडा मोठा तितकं चित्र बारकाव्याचं), जीपीएस आतच. मुरारजी पेठेतल्या एका कार अॅक्सेसरीजच्या दुकानातून घेतला. वायरिंग आणि मेमरी कार्ड धरून नऊ हजारांच्या आत बसला.

सोलापुरात घेणाऱ्यानं पहिली चौकशी उन्हाची करावी. मे महिन्यात बाहेर पारा ४३ च्या वर जातो. बंद गाडीत काचेच्या मागे त्याहून किती जास्त तापतं ते दुपारी कारखान्याबाहेर गाडी लावून बसणाऱ्याला विचारा. स्वस्त डॅशकॅममध्ये लिथियमची छोटी बॅटरी असते, ती अशा उष्णतेत फुगते. माझ्यात बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर आहे. गाडी बंद झाली की शेवटची फाइल नीट मिटवण्यापुरती वीज तो धरून ठेवतो. त्याचं काम तेवढंच, आणि तेवढं पुरतं. अख्ख्या उन्हाळ्यात एकदाही बंद पडला नाही. मी आधी रबराच्या वाटीनं काचेला चिकटणारा बघत होतो. दुकानातला फिटर म्हणाला, "मालक, उन्हाळ्यात ही वाटी काचेवर राहत नसते बघा. टेपचंच घ्या." टेपचं घेतलं, ते अजून जागचं हललेलं नाही. लावताना मात्र वायपर जिथपर्यंत काच पुसतो त्या पट्ट्यातच लावून घ्या. कोपऱ्यात लावलेला कॅमेरा पहिल्या पावसात आंधळा होतो.

कार्ड साधं चालत नाही. डॅशकॅम सतत लिहितो आणि जागा संपली की जुनं पुसून त्यावर पुन्हा लिहितो. मोबाइलचं कार्ड या माऱ्याखाली लवकर मरतं, म्हणून खोक्यावर 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं घ्यावं. १२८ जीबीत दोन्ही कॅमेऱ्यांचं मिळून दहा-अकरा तासांचं चित्रण राहतं. म्हणजे सोमवारी सकाळचं काही हवं असेल तर ते त्याच दिवशी लॉक करून ठेवायचं, म्हणजे ते पुसलं जात नाही. धक्का बसला तर जी-सेन्सर ती फाइल आपोआप लॉक करतो. आपल्या रस्त्यांवर तो 'हाय'वर ठेवला तर प्रत्येक खड्डा त्याला अपघात वाटतो आणि कार्ड नको त्या फाइलींनी भरून जातं. 'लो'वर ठेवा.

आता नंबरप्लेटबद्दल. डॅशकॅम घेणारा प्रत्येक जण दुकानात हाच प्रश्न विचारतो आणि दुकानदार "सगळं दिसतं" म्हणतो. दिवसा, गाडी उभी किंवा हळू असेल तर दोन-तीन गाड्यांच्या अंतरावरचा नंबर स्वच्छ वाचता येतो. त्यापुढे अंदाज. रात्री गोष्ट वेगळी. उजेड कमी असला की कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ डोळा उघडा ठेवतो, आणि ताशी ४० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाच्या तिसाव्या भागात सव्वा फूट सरकते. मग प्लेटवरचे आकडे पुसटतात. समोरून एलईडीचे पांढरे दिवे आले तर प्लेटच्या जागी नुसता उजेड. चित्र टिपणारा सेन्सर चांगला असेल तर फरक पडतो. माझ्यात सोनीचा स्टारव्हिस आहे आणि कन्ना चौकाच्या दिव्यांखाली तो बऱ्यापैकी काम करतो. पण अक्कलकोट रोडवर शहराबाहेर रात्री धावत्या गाडीचा नंबर मिळेल असं धरून चालू नका.

यात एक गोष्ट पहिल्यांदाच नीट लक्षात आली. नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, कॅमेऱ्याला सोपी जाते. अक्षरं एकाच वळणाची, एकाच आकाराची, पत्र्यावर उठवलेली, मागचा कागद उजेड परतवणारा. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना ती गाडीच्या कंपनीकडूनच येते, जुन्यांनाही आता सक्तीची आहे. आकडे वाकवून त्यातून नाव किंवा पदवी काढलेल्या जुन्या प्लेटा मलाच फाइल थांबवून वाचाव्या लागतात, यंत्राला कुठून वाचता येणार? एमएच-१३ नंतरचं सगळं कोरीव काम. ज्यांना चौकातल्या कॅमेऱ्यांवर विश्वास नाही त्यांनी आधी स्वतःची प्लेट सरळ करून घ्यावी, कारण चुकीच्या माणसाला नोटीस जाण्याचं एक कारण न वाचता येणारी प्लेटही असतं.

हे यंत्र मी मुळात भांडणासाठी घेतलं नाही. घेतलं ते बसथांब्यांपायी.

सिव्हिल हॉस्पिटलच्या बाहेरचा थांबा ज्यांनी सकाळी दहाला बघितला असेल त्यांना सांगायला नको. थांब्याच्या खांबाला टेकून चारचाकी, तिच्या पुढे रिक्षा, त्यापुढे मोटारसायकलींची रांग. सिटी बसला कडेला जागाच नाही. ड्रायव्हर रस्त्याच्या मधोमध बस उभी करतो, मागचे हॉर्न वाजवतात, आणि सलाइन काढून नुकतीच वॉर्डातून बाहेर आलेली बाई, हाताला नातवानं धरलेलं, चालत्या मोटारसायकलींमधून वाट काढत बसच्या पायरीपाशी येते. पायरी जमिनीपासून उंच. थांब्याच्या कट्ट्यावरून ती अर्ध्या पावलात चढली असती. हे मी नोकरीत असताना रोज पाहिलं, आता मिनीबस चालवताना मागून पाहतो. रस्त्याच्या नियमांत बसथांब्याजवळ गाडी लावायला १९८९ पासून स्पष्ट मनाई आहे. ज्यानं चारचाकी लावली तो "दोन मिनिटांत येतो" म्हणून समोरच्या मेडिकलमध्ये गेलेला असतो. त्याची दोन मिनिटं बसमधल्या प्रत्येक माणसाला भरावी लागतात, आणि पुढच्या प्रत्येक थांब्यावर वाट बघणाऱ्यालाही.

म्हणून परदेशात बसच्याच काचेमागे कॅमेरा लावून बसची वाट अडवणाऱ्यांना दंड करतात हे वाचलं तेव्हापासून ते डोक्यात होतं. न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर २०१९ पासून एम-१५ या मार्गावर हे सुरू झालं. बसलेनमध्ये, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या पट्ट्यात, घुसलेल्या किंवा उभ्या राहिलेल्या गाडीचं चित्र, नंबर, वेळ आणि ठिकाण बसवरचा कॅमेराच नोंदवतो. नव्या मार्गावर सुरुवातीचे ६० दिवस फक्त ताकीद पाठवतात. नंतर पहिला दंड ५० डॉलर, आणि वर्षभरात पुन्हा पुन्हा सापडलात तर वाढत २५० पर्यंत. २०२४ पासून बसथांबा अडवणं आणि दुसऱ्या रांगेत गाडी लावणं हेही त्यातच घेतलं. आपल्या सिव्हिलसमोर जे चालतं ते नेमकं हेच. शिवाय चौकातला कॅमेरा चौकच बघतो. बस जिथे अडते तिथे तो नसतो. बसवरचा कॅमेरा मात्र बस अडेल तिथे हजर असतो. मला ही कल्पना मनापासून पटते.

पण डॅशकॅम वापरल्यावर तिच्या अटीही कळल्या, आणि त्यांतली पहिली मला एका संध्याकाळी अशोक चौकात कळली. थांब्यावर लावलेली एक चारचाकी न बघता रिव्हर्स आली. मी गाडी उजवीकडे काढली, तेवढ्यात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं ब्रेक मारला आणि तो पडता पडता वाचला. लागलं कुणालाच नाही. पण त्यानं मोबाइलवर माझ्या बसचा फोटो काढला होता, आणि फोटोत मिनीबस पांढऱ्या पट्ट्यावर आडवी. रिव्हर्स आलेली चारचाकी तोवर गेलेली. ड्यूटीवरचे हवालदार आले, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं. मी ॲपवर फाइल उघडली. ते म्हणाले, "काका, याच्या आधीचं दाखवा." आधीच्या सात-आठ सेकंदांत सगळं होतं. चारचाकीचे मागचे पांढरे दिवे, तिचं येणं, माझं वळणं. मोटारसायकलवाल्या पोरानंही बघितलं आणि "तुमचं बरोबर आहे काका" म्हणून गेला.

फोटो खोटा नव्हता. बस पट्ट्यावर होतीच. पण ती तिथे का होती हे फोटोला सांगता येत नाही, आधीचे सेकंदच सांगतात. उद्या बसलेनचे कॅमेरे आले तर माझं पहिलं मागणं हेच राहील, की नोटिशीबरोबर एक फोटो नको, आधीची दहा सेकंदं द्या. मागून ॲम्ब्युलन्स सायरन वाजवत आली म्हणून एखादा डावीकडे बसच्या पट्ट्यात सरकेल. खड्डा चुकवायला सरकेल. पुढच्या वळणावर डावीकडे जायचं म्हणून थोडा आधीच आत येईल. एका फोटोत हे तिघंही गुन्हेगारच दिसणार.

आपल्याकडे कायद्याची चौकट तयार आहे, ही गोष्ट फार जणांना माहीत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३६-अ आलं, आणि ११ ऑगस्ट २०२१ ला त्याखालचा नियम १६७-अ निघाला. त्यात १३२ शहरांची यादी आहे, महाराष्ट्रातल्या शहरांत सोलापूरही आहे. कॅमेऱ्याला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नव्यानं घ्यायचं. कॅमेऱ्याची नजर असलेल्या रस्त्याच्या आधी तसा फलक ठळक दिसेल असा लावायचा. नोटिशीत गुन्हा आणि नंबरप्लेट दिसणारं छायाचित्र, तारीख, वेळ, ठिकाण, कोणतं कलम मोडलं ते द्यायचं, आणि नोटीस १५ दिवसांत पाठवायची, असं त्या नियमात लिहिलं आहे. मला हे सगळं रास्त वाटतं. साध्या गाडीतल्या माझ्यासारख्याच्या डॅशकॅमला अर्थातच ही मान्यता नसते. त्यावरून यंत्रणा आपोआप दंड करत नाही. तो पुरावा म्हणून दाखवता येतो, तेवढंच. जीपीएस असलेला घ्या असं मी सांगतो ते त्यासाठी. तारीख-वेळ उपग्रहावरून येते, नाहीतर गाडी महिनाभर उभी राहिली की घड्याळ मागे जातं आणि पुराव्याचं बळ जातं.

सोलापुरात मात्र कॅमेऱ्याच्या आधी एक काम आहे, रंगाचं. आपल्याकडे बसलेन कुठेच नाही. थांब्यापुढे पिवळी चौकट रंगवलेली असते तिथेही ती धुळीखाली. जिथे रेघ नाही तिथे कॅमेरा कशाचा भंग पकडणार? पुण्यात २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी राखलेली वाट, सुरू झाली, २०१५ मध्ये रेनबो नावाची बीआरटी आली. तिथे तोंडाशी वॉर्डन उभे करूनही मोटारसायकली घुसायच्या, हे मी पुण्याला गाडी घेऊन गेलो की पाहायचो. पण तिथे निदान कुठे घुसलं हे दिसत तरी होतं. दिल्लीत १ एप्रिल २०२२ पासून बसलेनची मोहीम काढली, आणि त्यात लेन सोडणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला दहा हजारांपर्यंत दंड ठेवला. ड्रायव्हर म्हणून सांगतो, बसला पट्ट्यात बांधायला माझी ना नाही. बेशिस्त बस मीही पाहिल्या आहेत. पण पट्ट्यात पुढे चारचाकी उभी असेल तर बस तिच्यावरून जाऊ शकत नाही. आधी पट्टा मोकळा ठेवणारा कॅमेरा, मग ड्रायव्हरला दंड, हा क्रम हवा.

दुसरी गोष्ट आपल्या शहराची. इथे गड्डा असतो, गणपती असतात, शिवजयंती, आंबेडकर जयंती, मंगळवारचा बाजार. वर्षातले कित्येक दिवस रस्ते वळवलेले असतात आणि पोलीसच हातानं गाड्या भलत्या पट्ट्यात घालतात. ते घालणं बरोबरच असतं. पण बसमधल्या यंत्राला ते कोण सांगणार? त्या दिवशी कुठला रस्ता वळवलाय याची यादी यंत्रात भरणारा माणूस हवा. हे उगाच काढलेलं खुसपट नाही. न्यूयॉर्कमध्येही २०२४ मध्ये काही मार्गांवर कुठे गाडी लावायला परवानगी आहे ही माहिती यंत्रात नीट भरली गेली नव्हती, आणि नियमानं उभ्या असलेल्या गाड्यांनाही नोटिसा गेल्या. त्यांचे पैसे परत करावे लागले. तिथे माणूस तपासतो, तरी ही पाळी आली.

आणि फळांच्या हातगाड्यांना नंबरप्लेट नसते. सिव्हिलसमोरची अर्धी अडचण कॅमेऱ्याला दिसेल पण तिची पावती फाडता येणार नाही. फाडूही नये. मोसंबी विकणाऱ्या बाईला कुठे उभं राहायचं ती जागा आखून द्यायला लागते, तसा रिक्षाला स्टँड द्यायला लागतो. ते न करता नुसता कॅमेरा लावला तर दंड फक्त ज्याची प्लेट आहे त्याला, आणि थांबा तसाच अडलेला.

सोलापूरला केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेतून इलेक्ट्रिक बस मंजूर आहेत. त्या गाड्यांत पुढच्या काचेमागे कॅमेऱ्यांची एक जोडी, एक रुंद चित्र काढणारा आणि एक फक्त प्लेट वाचणारा, सुरुवातीलाच बसवावी असं मला वाटतं. सुरुवात सात रस्ता ते सिव्हिल अशा एकाच पट्ट्यानं करा. आधी रंग, मग फलक, मग दोन महिने नुसत्या ताकिदी. माझ्यासारखे जुने ड्रायव्हर कुठल्या थांब्यावर किती वाजता काय अडतं हे बोटावर सांगतील. आम्हाला विचारा, आम्ही यायला तयार आहोत.

डॅशकॅमकडे परत येतो. एक गोष्ट खोक्यावर लिहिलेली नसते. हे यंत्र आतला आवाजही घेतं, आणि ते दुकानातून चालूच येतं. पहिल्याच आठवड्यात मागच्या सीटवरच्या अक्कांनी विचारलं, "मामा, आम्ही काय बोलूलालाव ते पण भरून घेतंय का हे?" त्या बायका दिवसभर मशीनवर मान मोडून बसतात. घरच्या गोष्टी, सासू, पोरांच्या फिया, मुकादमाचं वागणं, हे सगळं बोलायला त्यांना हा तासाभराचाच प्रवास असतो. मी गाडी उभी केली आणि त्यांच्यासमोर सेटिंगमध्ये जाऊन माइक बंद केला. मागचा कॅमेरा आत तोंड करून लावायचा पर्याय होता, तोही घेतला नाही. तो मागच्या काचेतून बाहेर बघतो. चित्रण मुलाच्या आणि माझ्या मोबाइलशिवाय कुठे जात नाही, आणि ग्रुपवर टाकायचं नाही हे ठरलेलं आहे. कर्मचाऱ्यांची बस, शाळेची व्हॅन चालवणाऱ्यांनी हे बघूनच घ्यावं. सिटी बसवर पुढे कॅमेरे आले तर त्यांनीही नजर रस्त्यावरच ठेवावी, दंडाच्या कॅमेऱ्याला प्रवाशांचे चेहरे लागत नाहीत.

ॲपबद्दल तक्रार आहे. कॅमेऱ्याच्या वायफायला मोबाइल जोडला की मोबाइलचं इंटरनेट तुटतं, आणि तीन मिनिटांची फाइल उतरवायला तेवढाच वेळ जातो. रस्त्यात घाई असेल तेव्हा हे जड जातं. मी कार्ड रीडर डॅशबोर्डमध्ये ठेवतो. मागच्या कॅमेऱ्याची वायर मिनीबसला अपुरी पडते. खोक्यातली सहा मीटरची असते, ती कारच्या मापाची. आमच्या गाडीला छताच्या कडेनं फिरवून दहा मीटरची लागली आणि तिचे वेगळे पैसे पडले. गाडी उभी असताना पार्किंग मोडमध्ये ठेवायचा असेल तर कॅमेरा थेट गाडीच्या बॅटरीला जोडणारं हार्डवायर किट घ्या आणि त्यात बॅटरी ठराविक व्होल्टेजच्या खाली गेली की वीज तोडायची सोय आहे का ते बघा, नाहीतर सकाळी सेल्फ लागत नाही. माझी गाडी १२ व्होल्टची आहे. मोठ्या बसला २४ व्होल्ट असतात, तिथे दोन्हींवर चालणारं किट मागा आणि फिटरसमोरच बॅटरीवर मीटर लावून खात्री करा.

शहरात दिवसा गाडी चालवणाऱ्याला हा घ्यावाच असं सांगेन. फक्त रात्रीच्या हायवेवर नंबर टिपायचा असेल तर एवढ्या पैशांत मिळणारा पुरणार नाही. वर्षाची वॉरंटी आहे, बिलावर दुकानाचा शिक्का घ्यायला विसरू नका.